दीप्ती मॅडमचे तारे आणि आबांचा रस्ता
दीप्ती मॅडम आमच्या कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवायच्या. मूळच्या कसबा बावड्याच्या. वडील बाबासो साखर कारखान्यात वजनकाट्यावर. मॅडमना संशोधनासाठी दोन वर्षं पुण्याला जायचं होतं. त्यांचा रजेचा अर्ज संस्थेचे अध्यक्ष हंबीरराव, म्हणजे सगळ्यांचे आबा, यांच्या टेबलावर चौदा महिने पडून होता. मार्च २००७ उलटला की पुण्यातली जागाही हातची जाणार होती. मी मराठीचा प्राध्यापक. गोड बोला, आबा ऐकतील, असा फुकटचा सल्ला मी देत राहिलो.

फेब्रुवारीत आबांनी फर्मान काढलं, काय शिकणार ते विज्ञान दिनाला सगळ्यांसमोर सांगा. व्याख्यान आकाशावरचं, म्हणून त्यांनी मुहूर्तही काढून आणला. हार झाले, नारळ झाला, आबा स्वतः तासभर बोलले. उरलेली दहा मिनिटं मॅडमची.

छोटी दीर्घिका, म्हणजे ताऱ्यांचा लहान समूह, आपल्या आकाशगंगेच्या जवळ आली की आकाशगंगा तिला ओढून फाडते, आणि तिचे तारे वाटेवर रांगेनं पडत जातात, असं मॅडमनी सांगितलं. ती रांग कुठं विस्कटली हे मोजलं की न दिसणारं कृष्णद्रव्य कुठं दडलंय याचा अंदाज येतो. समोरचे चेहरे कोरेच. मग मॅडम बावड्याच्या बोलीवर आल्या.

"कॉलेजसमोरच्या रस्त्यावर ट्रॉलीतनं ऊस कुठं जास्त पडलाय बघा. खड्डा न बघता सांगता येतंय, कुठं हाय आन् केवढा हाय."

पोरं खिदळली. तो रस्ता तीन महिन्यांपूर्वी आबांच्या ठेकेदार जावयानं केला होता. मॅडमच्या हे गावीही नव्हतं. मी मात्र आबांच्या मागच्याच खुर्चीवरून त्यांच्याकडं बघितलं.

आबांनी प्राचार्यांना हळूच विचारलं, ही बाई हे आणखी कुठं सांगते. प्राचार्य कौतुकानं म्हणाले, वर्गात रोज. आणि सोमवारपासून पोरं प्रयोग म्हणून रस्त्यावरचा ऊस मोजणार आहेत.

आबांनी तिथंच अर्ज मागवला आणि सही ठोकली.

"सोमवारच्या आत जावा, मॅडम. दोन वर्षं कमी पडली तर तीन घ्या की."

मॅडमच्या डोळ्यांत पाणी आलं. आबांना विज्ञानाची कदर आहे, असं त्या अजूनही सांगतात. मी त्यांना खरं कधी सांगितलं नाही. चौदा महिने मी त्यांना गोड बोलायला शिकवत होतो, त्याचीच मला जास्त लाज वाटते.