सगळ्यांना मेल गेला

कळंबच्या नाक्यावर चहाला तो रोज भेटायचा. लॅपटॉप उघडला की आधी शर्टाच्या बाहीने स्क्रीन पुसायचा. इंटरनेटवर भाजी विकणारी कंपनी त्याने काढली आणि विकली. मग शिकवणीची काढली, तीही विकली. आता घरपोच औषधांची चालवत होता.

त्या सकाळी त्याने एक बटण दाबलं आणि लॅपटॉप मिटला.

"कंपनी बंद केली. सगळ्यांना मेल गेला."

मी हादरलो. "अहो, पण तिथं काम करणारी माणसं?"

"मेल वाचतील आता."

चहावाली म्हातारी किटली धरून तशीच उभी राहिली. "त्यांना पोरंबाळं नाय का रं?"

त्याचा फोन वाजू लागला. तो टेबलावर पालथा ठेवून त्याने मला हसत विचारलं, "नव्या कंपनीचं नाव सुचलंय. सांगू?"