ब्रोमेलियाडच्या वाटीतलं पाणी
बायकोच्या ब्रोमेलियाडच्या झाडाला मी भर दुपारी पाणी घातलं. तिला जाऊन तीन महिने झाले होते, आणि लातूरच्या त्या मे महिन्यात तिच्या कुंड्यांपैकी एवढी एकच तगली होती. पानांच्या मधल्या वाटीत सकाळी घोटभर पाणी ओतलं की या झाडाचं भागतं, असं ती सांगायची आणि मी पेपरमागून हं म्हणायचो. त्या दुपारी वाटी कोरडी दिसली. आत लाल तुरा नुकताच डोकावत होता, पहिल्यांदाच. मला लई कळवळा आला. गच्चीवरच्या काळ्या टाकीचा नळ सोडला, हाताला चटका बसला, तरी मी शहाण्याने मगभर पाणी त्या वाटीत रिकामं केलं. चार दिवसांत गाभा उकडलेल्या भाजीसारखा मऊ पडला आणि ओढताच तुऱ्यासकट हातात आला. नांदेडहून लेक आली, तिने कुंडी मांडीवर घेतली. "तहान लागली होती गं त्याला," मी म्हणालो. अजूनही टाकीचं कढत पाणी हातावर पडलं की लेकीचं उत्तर ऐकू येतं, "माझ्या मायला जन्मात कधी एक ग्लास पाणी दिलं न्हाई पप्पा, अन् झाडाला पाजायला निघालात!"