लाल गाडीतले ब्रेक ऑइल

त्या गाडीच्या ब्रेकला शेवटचा हात माझा लागला होता. ही गोष्ट मी आजवर कोणालाच सांगितलेली नाही. बायकोला नाही, वकिलाला नाही, न्यायालयात शपथ घेऊनही नाही. बाकीची केस मात्र मी पुष्कळदा सांगितली आहे. प्रशिक्षण केंद्रात नव्या मुलांना सांगितली, सत्कारात सांगितली. दर वेळी तेवढा एक दुपारचा अर्धा तास गाळून सांगितली. मुदतीआधी निवृत्ती घेतली, तेव्हा लोकांना वाटले पाठदुखी. तसेच वाटू दिले.

मी तेव्हा अकोल्याजवळच्या एका ठाण्याचा ठाणेदार होतो. एप्रिलचा शेवट होता. गस्तीवरच्या पोरांनी एक लाल गाडी पकडून आणली. होती साधी छोटी गाडी, पण आतल्या मागच्या सीटा काढलेल्या, छताखाली लोखंडी नळ्यांचा पिंजरा, आणि सायलेन्सरचा आवाज असा की जबाब लिहिणाऱ्या आमच्या रायटरने कानात बोटे घातली. मालक अमरावतीचा, सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांचा. वडील नव्हते, आई आणि तो. दक्षिणेत गाड्या पळवायचा खास ट्रॅक आहे, तिथे उतरायचे म्हणून त्याने ती बनवून घेतली होती. नुकतेच ब्रेकचे काम झाले होते: पुढच्या चाकांना मोठ्या डिस्क, मोठे कॅलिपर, सगळे नवे. काम करणारा मिस्त्री बाळापूरचा. आधी ब्रेक, त्याशिवाय इंजिनाला हात लावणार नाही, असे त्याने म्हणे पोराला बजावले होते.

बेकायदा फेरबदलाची कारवाई करून गाडी मुद्देमालाच्या आवारात लावली. कोर्टाचा आदेश येईपर्यंत ती आठ दिवस तिथेच उभी होती.

आता तो अर्धा तास.

त्या आठ दिवसांतली एक दुपार. दुसऱ्या दिवशी मंत्र्यांचा बंदोबस्त होता आणि आमच्या जीपचा ब्रेक पोचट झाला होता. वाहन शाखेला पत्र दिले तर आठवडा जाणार. आमचा ड्रायव्हर हवालदार जुना माणूस. पकडलेल्या वाहनांतून लागेल ते काढून घ्यायचे, ही आमच्या ठाण्याची रीतच होती. कधी पेट्रोल, कधी बॅटरी, कधी बल्ब. त्यात कोणाला काही वाटत नसे. तो म्हणाला, "साहेब, त्या लाल गाडीत नवंकोरं ब्रेक ऑइल हाय. काढून घेऊ. कोनाले मालूम पडते?"

काम दोन माणसांचे. एकाने चाकाजवळ बसून नळी लावायची, दुसऱ्याने आत बसून पॅडल मारायचे. शिपाई सगळे बंदोबस्ताच्या तयारीत. मीच बसलो. तो बाहेरून सांगत होता, दाबा, धरा, सोडा. पाण्याच्या रिकाम्या बाटलीत ते ऑइल उतरत होते, पाण्यासारखे स्वच्छ. रिकामे राहू नये म्हणून वर त्याने जीपमधली जुनी बाटली ओतली. त्या बाटलीचे झाकण कधीच हरवले होते, तोंडाला चिंधीचा बोळा होता. ऑइल चहासारखे काळपट. मी ते पाहिले. पाहून पॅडल मारत राहिलो. शेवटी पॅडल टणक लागले, मी उतरलो आणि हात धुतले.

पोरगा सुपुर्तनामा घेऊन गाडी न्यायला आला तेव्हा मी त्याला चांगले झापले. तो सही करता करता हसत म्हणाला, "आठ दिस तुमच्या घरी पाहुनी होती साहेब. काई खाऊ-पिऊ घातलं का उपाशीच ठेवली?"

ठाण्यात सगळे हसले. मीही हसलो.

गाडी नेल्यावर तिसऱ्या दिवशी सकाळी नऊच्या सुमारास फोन आला. अकोल्याबाहेर, आमच्याच हद्दीत, चौपदरी रस्त्याचा एक तुकडा बांधून तयार होता, पण वाहतूक सुरू झाली नव्हती. त्याच्या टोकाला मुरमाचा आणि दगडांचा ढीग. लाल गाडी त्या ढिगात खिडकीपर्यंत घुसलेली. इंजिन बंद, भोवती एक आवाज नाही, आणि लख्ख उन्हात मागचे दोन्ही लाल दिवे जळत होते. मी पुढे जाऊन वाकून पाहिले. पोरगा गेलेला होता. त्याचा उजवा पाय ब्रेकवर होता, पॅडल पार तळाला टेकलेले. पंचांसमक्ष आम्ही त्याला बाहेर काढला. पाय उचलला तेव्हा दिवे विझले.

तासाभराने, पंचनामा लिहून होत असताना, मी स्वतः आत हात घालून ते पॅडल दाबले. दगडासारखे टणक. जरासुद्धा खाली जाईना.

रस्त्याच्या ठेकेदाराचा चौकीदार साक्षीला होता. त्याने सांगितले की पोराने सात-आठ फेऱ्या मारल्या, दर फेरीला टोकाशी बरोबर थांबला, वळला. शेवटच्या फेरीबद्दल म्हातारा म्हणाला, "लाल लाइट लागला होता साहेब. पन गाडी थांबूनच नाई राह्यली. मांगून कोनी ढकलून राह्यलं का काय, असं वाटलं मले."

परिवहन खात्याच्या निरीक्षकाने गाडी तपासली. पॅडल टणक, डिस्क शाबूत, गळती नाही. ब्रेक कार्यक्षम, असा शेरा. म्हणजे दिवे जळत होते, पाय तळाला होता, ब्रेक चांगला होता आणि गाडी थांबली नाही. त्या आठवड्यात मी आवारात जाताना त्या गाडीच्या बाजूने जात नसे. आमची जीप मात्र इतकी सुरेख थांबायला लागली होती की ड्रायव्हर हवालदार तिचे बोलणेच काढत नसे. ब्रेकवर पाय पडला की आम्ही दोघेही समोर बघायचो.

खबर आली ती बाळापूरच्याच दुसऱ्या एका गॅरेजवाल्याकडून. मिस्त्री हलके ऑइल भरतो म्हणाला. धंद्यातले वैर आहे हे मला आवाजावरूनच कळले होते. पण मला कोणीतरी हवा होता. मिस्त्रीला उचलून आणला.

पन्नाशीचा माणूस. नखांत काळे, शर्ट धुतलेला. त्याचा जबाब दोन दिवस बदलला नाही: सीलबंद डबा पोराच्या समोर फोडला, पोरानेच पॅडल मारले, गाडी पंचवीस किलोमीटर चालवून पाहिली. दम दिला, उपाशी बसवले, तरी तेच. तिसऱ्या दिवशी त्याने एकच मागणी केली, ब्रेक ऑइलची टाकी उघडून दाखवा. मी आवारात नेला. त्याने टाकीत करंगळी बुडवली, बोटावर चोळली, वास घेतला.

"ये मेरा तेल नहीं साहेब," तो म्हणाला. "म्या टाकलं ते पान्यावानी साफ होतं. एवढ्या दिसात ते असं काळं होत नाई. जुनं तेल हवेतलं पानी पेते. थंड्यात काई समजत नाई. पन घडी घडी जोरात ब्रेक मारला का ते उकळते, त्याची वाफ होते, अन् पॅडल खाली जाते."

मी म्हणालो, पॅडल तर टणक आहे.

"थंडी झाली का गाडी सारं इसरते साहेब."

मग त्याने मान वर केली आणि विचारले, "मधातल्या दिसात गाडी कोनापाशी होती?"

ड्रायव्हर हवालदार चार पावलांवर उभा होता. रायटर लिहायचा थांबला. मी म्हणालो, जे विचारतो तेवढ्याचं उत्तर दे. आणि रायटरला सांगितले, लिही: टाकीतील ऑइल जुने व काळपट, सदरचे ऑइल आरोपीने भरल्याचे निष्पन्न.

फायलीत त्याला गुन्ह्याचा उलगडा म्हणतात. नमुना प्रयोगशाळेत गेला, अहवालात पाण्याचा अंश आला. जामीन सहज होऊ नये म्हणून मी सदोष मनुष्यवधाचे कलम लावले. वर्तमानपत्रात चार ओळी आल्या, मला वरिष्ठांचे प्रशंसापत्र मिळाले. मिस्त्री अडीच महिने आत होता. ड्रायव्हर हवालदाराने बदली मागून घेतली. जाताना सलाम केला. आता तो हयात नाही, म्हणजे ती दुपार जाणणारा मी एकटाच उरलो आहे.

खटला रखडत चालला आणि संशयाचा फायदा मिळून मिस्त्री सुटला. पण अमरावतीला त्या पोराची आई आजही म्हणते, त्या मिस्त्रीनं माह्या पोराले मारलं. तिला हे नाव मीच दिले, तिच्या घरी बसून, तिच्या हातचा चहा पिऊन.

निवृत्तीनंतर एकदा बाळापूरला गेलो. गॅरेज राहिले नव्हते. पत्र्याच्या टपरीत तो पाण्याच्या जळालेल्या मोटारींत नवी तार भरत बसला होता, तांब्याच्या तारेची वेटोळी मांडीवर घेऊन. चाकाच्या कामाला हात लावत नाही, असे शेजारच्याने आधीच सांगितले होते. त्याने मला ओळखले, स्टूल पुढे केले, पोराबाळांची चौकशी केली. राग दिसला असता तर मला सोपे गेले असते. निघताना म्हणाला, "साहेब, केस तर मिटली. आता काई नाई. फक्त येवढं सांगा, ते तेल कोनाचं होतं?"

मी म्हणालो, माहीत नाही.

तो पुन्हा तार गुंडाळू लागला.

नोकरीत मला शिकवले होते की पुरावा बनवणारा पोलीस वाईट. मी एकही पुरावा बनवला नाही. ऑइल खरे होते, अहवाल खरा होता, चौकीदार खरे बोलला. खऱ्या पुराव्यावर चुकीच्या माणसाचे नाव लिहिले की काम होते आणि पकडणाराही कोणी नसतो. आणखी एक कळले. त्या दुपारी मी केला तो निष्काळजीपणा होता. त्याची शिक्षा भोगून मी कदाचित केव्हाच मोकळा झालो असतो. करंगळीवरचे ते ऑइल पाहिल्यावर मी जे लिहायला सांगितले, तो गुन्हा होता.

हे लिहून मी मोकळा झालो असे मी समजत नाही. इथे कोणाचे नाव नाही, माझेही नाही, आणि नाव नसलेल्या कागदाला जबाब म्हणत नाहीत. माझ्या नावानिशी, हुद्द्यानिशी, सहीचा जबाब न्यायालयापुढे देणे माझ्याकडून बाकी आहे. त्याची एक प्रत अमरावतीच्या त्या आईला वाचून दाखवणे बाकी आहे. त्याआधी बाळापूरला जाऊन त्या माणसाच्या प्रश्नाचे उत्तर त्याला तोंडावर देणे बाकी आहे. यातले मी अजून काहीही केलेले नाही.