एकेक चिरा

ऐंशीच्या दशकात दाभोळच्या खाडीवर होडी चालवणारा एक म्हातारा मला दर सोमवारी भेटे. नाव मी कधी विचारलं नाही. पलीकडच्या चिखलात घसरून त्याची बायको लंगडी झाली होती. निवडणुकीत उमेदवार तिथं सरकारी धक्का बांधायचं वचन देऊन गेला. म्हातारा वल्हं मारत शांतपणे म्हणाला, "आमच्याच पैशानं आमच्यावर उपकार कशाला? मत देईन, पण हात पसरणार नाय."

मग तो प्रत्येक उतारूला जांभ्याचा एकेक चिरा पलीकडे नेऊन चिखलात रचायला सांगू लागला. मीही नेले. एका धुक्यातल्या सकाळी त्याची बायको त्या चिऱ्यांवरून, कुणाचा हात न धरता, पाण्यापर्यंत आली.

शाळा, दवाखाना तरी सरकारनंच बांधावा, असं मी त्याला सांगणार होतो. त्या सकाळी सांगवलं नाही.