साडूच्या नावाचा शिधा

गावच्या मंडळींनो, महिना झाला, मी वऱ्हाड सोडून इथं निजामाच्या मुलखात, जालन्याच्या मस्तगडात साडूचं घर राखतोय. तो काशीला गेलाय.

आज ईद. सकाळी शेजारच्या बानू खाला, अख्ख्या गल्लीच्या मावशी, ताट घेऊन आल्या. हिंदूंच्या घरी त्या शिजवलेलं देत नाहीत, कोरा शिधा देतात. शेवया, साखर, खारका, चारोळी, प्रत्येकाची वेगळी पुडी. मी स्वतःच्या हिमतीवर शिकलेल्या अस्सल उर्दूत आभार मानले. त्या हसल्या.

"भाऊ, मराठीत बोला की! हे तुमच्या साडूंसाठी नीट ठेवा. त्यांना बेदाणे चालत न्हाईत, म्हणून खारका जास्ती टाकल्या."

माझ्या पोटात दुखलं. साडूला उर्दूचं एक अक्षर वाचता येत नाही, आणि त्याची आवड गल्लीला पाठ!

"साडूनं तुमच्या घरी बसून शिरखुर्मा खाल्लाय कधी?"

"न्हाई बा. आम्ही बी कधी म्हणलं न्हाई."

"मंग चला, मी येतो."

दोन वाट्या खाल्ल्या, बेदाण्यांसकट.

आता गावी परतल्यावर तुम्ही मला पंगतीला बसवाल की नाही, ते कळवा. साडूला मात्र हे मीच सांगणार.