न पाझरणारे माठ

विद्यापीठामागच्या माळावर आमच्या विभागाने वनस्पती उद्यान करायला घेतलं ते ऐन दुष्काळात. तिकडे लातूरला रेल्वेने पाणी येत होतं आणि इकडे नांदेडला आम्ही रोपं लावत होतो. सरांनी पद्धत सांगितली: प्रत्येक रोपाशेजारी मातीचा माठ गळ्यापर्यंत पुरायचा आणि भरून झाकायचा. माठ हळूहळू पाझरतो, मुळांना तेवढं पुरतं.

एक ओळ माझी, शेजारची माझ्या मैत्रिणीची. जिची ओळ चांगली जगेल तिच्याकडे उन्हाळ्याच्या सुट्टीभर बागेचं काम, आणि त्या कामासाठी वसतिगृहात राहायची परवानगी. एरवी सुट्टीत वसतिगृहातली खोली सोडावी लागायची. मला ती हवी होती. गावी गेलं की दिवसभर टँकरची वाट बघायची, अभ्यास बंद. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. मैत्रीण नांदेडचीच, स्कूटीवर यायची. तिला खोलीची गरजच नव्हती. तिला फक्त झाडं आवडायची. याचाच मला जास्त त्रास व्हायचा.

माठ मी उदगीरकडच्या आमच्या गावाहून आणले, घरचे जुने. आई म्हणाली, "ने की. न्हाई तरी त्यात पाणी गार होईना झालंय."

रोपांजवळच्या पाट्यांवर आपापलं नाव, गाव, जिल्हा रंगवायचा होता. मैत्रीण म्हणाली, "जिल्हा पेन्सिलनं लिही गं. उद्या तुमचं उदगीर जिल्हा झालं तर परत रंगवत बसशील!" सगळे हसले. मीही हसले. पण तिच्या पाटीवरचं ठळक 'नांदेड' बघत राहिले.

तिची रोपं तरारली, माझी माना टाकू लागली. रोज सकाळी मी आधी तिची ओळ बघायचे. एखादं तरी पान पिवळं पडलेलं असावं, असं वाटायचं. नसायचं.

माझे माठ एकदा भरून झाकले ते मी उघडून पाहिलेच नव्हते. शेवटी तिनेच एकावरचं झाकण उचललं. "अगं, हा तर भरलेलाच आहे! जुना आणलास का काय? पाझरतच नाही हा."

आईचं बोलणं मला तेव्हा कळलं. पाझरत नाही म्हणूनच पाणी गार होत नाही. लहानपणापासून माहीत असलेली गोष्ट, पण बागेत आठवली नाही.

"मी नवे आणते, थांब," ती म्हणाली.

"राहू दे," मी म्हणाले. तिचे माठ मला माझ्या ओळीत नको होते.

काम तिला मिळालं. सर मला म्हणाले, "तुझा तरवड मात्र तगला हं." आमच्याकडे तरवड बांधावर आपोआप उगवतो. त्यात माझं काय?

गावी टँकरच्या रांगेत उभी असताना मोबाइलवर तिचा फोटो आला. तरवड पिवळ्या फुलांनी भरला होता, खाली माझी पाटी. तिने लिहिलं होतं, "बघ तुझं लेकरू!"

मी फोटो मोठा करून पाहिला. मागे वसतिगृह दिसत होतं, माझ्या खोलीची खिडकी बंद. रांग सरकली तशी मी घागर पायानेच पुढे ढकलली. फुलं माझ्या झाडाची होती, आणि पहिल्यांदा पाहिली तिने.