भावजींनी पकडलेला शिंगाळा

आमच्या घरात रागावण्याचा मक्ता माझ्याकडे होता. कुवेतमधल्या हवल्लीतल्या आमच्या दोन खोल्यांत भांडं पडलं तरी मी ओरडायचो, पाण्याचा टँकर उशिरा आला तरी ओरडायचो, आणि बायको म्हणायची, "जरा भावजींकडे बघा. आवाज कधी चढतो का त्यांचा?" भावजी म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीचा नवरा. आम्ही वेंगुर्ल्याकडचे, ते घाटावरचे, कोल्हापूरच्या बाजूचे. कुवेत सिटीत एका कंपनीत हिशेबनीस म्हणून नुकतेच लागले होते आणि बहीण येईपर्यंत आमच्याकडेच राहत होते. जेवण झालं की आपलं ताट आपण उचलून ठेवायचे. जावयाने ताट उचललेलं पाहून माझी बायको विरघळायची, आणि खरं सांगायचं तर मीही. बहिणीचं भलं झालं, असं मी येईल त्याला सांगत असे.

साठ सालाच्या आसपासची ही गोष्ट. बहिणीची बोट मुंबईहून सुटल्याची तार आली. त्यांच्यासाठी मागच्या गल्लीत खोली बघून ठेवली होती, स्टोव्हही आणला होता. त्याच आठवड्यात भावजी म्हणाले, "दादा, मला मासे धरायला शिकवा की. आत्ता शिकलो, तर ती येईल त्या दिवशी तिच्या आवडीचा मासा मीच धरून आणतो."

मला काय आनंद झाला म्हणून सांगू! तिच्या आवडीचा मासा म्हणजे शिंगाळा. इथले कोळी त्याला हात लावत नाहीत. जाळ्यात आला की दोन शिव्या देऊन वाळूत भिरकावतात. आम्हा कोकण्यांची त्यामुळे चंगळ. शुक्रवारी सुट्टी होती. सकाळीच एका ओळखीच्या पिकअपवाल्याने आम्हाला सालमियाच्या पुढे, समुद्रकाठच्या खडकांपाशी सोडलं. भावजींनी पँट गुडघ्यापर्यंत नीट, सारखी दुमडून घेतली. जन्मात कधी गळ हातात धरला नव्हता या माणसाने.

पहिला शिंगाळा माझ्या गळाला लागला. मी त्यांना बोलावून दाखवलं. ह्याला तीन काटे, एक पाठीवर आणि दोन कल्ल्यांच्या मागे. विषारी. आधी बुटाखाली दाबायचा, पकडीने काटे मोडायचे आणि मग कपाळावर दांडक्याचा एकच घाव. मी घातला. माशाने एकदा शेपूट आपटली आणि संपला. रक्त खडकावरून पाण्यात गेलं.

"एकच घाव घालूचो भावजीनू," मी म्हणालो. "जास्त मारलात तर मांस रक्ताळता. कालवणाची चव जाता."

"एकच," ते म्हणाले. चांगल्या विद्यार्थ्यासारखे.

त्यांच्या दोरीला ओढ बसली ती भलतीच मोठी. दोर तळहातातून सरसरत गेला, कातडी सोलली, पण त्यांनी सोडला नाही. मी ओरडून सांगत होतो, ढील द्या, ढील द्या. ते दात खाऊन ओढत राहिले. हातभर लांबीचा शिंगाळा खडकावर येऊन आदळला आणि उड्या मारू लागला. पुन्हा पाण्यात जाईल म्हणून त्यांनी सरळ उजव्या हाताने त्याला धरलं.

"हात लावू नकात!" मी किंचाळलो.

काटा अंगठ्याच्या मुळाशी घुसला आणि मागून बाहेर निघाला. असा आवाज मी माणसाच्या तोंडून तोवर ऐकला नव्हता. मासा तडफडत होता आणि तो तडफडला की त्यांचा हात फाटत होता. मी माशावर गुडघा टेकला, पकडीने काटा मोडला आणि हातातून ओढून काढला. त्या काट्याला करवतीसारखे दाते असतात. काटा आला तो मांस घेऊनच आला.

मी फडकं शोधायला वळलो. मागे दांडकं आपटल्याचा आवाज आला. पहिला घाव. म्हटलं, ठीक आहे, राग आला असेल. मग दुसरा. मग मोजायचं कारणच उरलं नाही.

वळून पाहिलं तर भावजी माशापुढे उकिडवे बसले होते आणि डाव्या हाताने मारत होते. डोकं फुटून गेलं होतं, डोळा खडकाला चिकटला होता. ते ओरडत नव्हते, तेच मला भयंकर वाटलं. आवाज अगदी हळू होता, शेजारच्या खोलीत ऐकू जाऊ नये असा.

"माहेरी जायचंय? जा माहेरी. जा की. भावाला सांगणार? सांग. तोंड वर करून बघू नको माझ्याकडं."

प्रत्येक शब्दाला एक घाव.

बहीण त्या वेळी बोटीवर होती, याच पाण्यात कुठेतरी, दर दिवसाला या माणसाच्या जवळ येत. बोट काही माघारी फिरवता येत नव्हती.

"तू तिका मारतस?" मी विचारलं. जावयाला अरे-तुरे केलं मी, आयुष्यात पहिल्यांदा.

त्यांनी मान वर केली. चेहऱ्यावर माशाचं रक्त उडालं होतं. त्यांनी खिशातून रुमाल काढला आणि आधी चष्मा पुसला. "नवराबायकोत होतं असं कधीमधी," ते म्हणाले. "तुम्ही नाही का ओरडत वहिनींवर?"

मी त्याच्या तोंडावर ठोसा मारला. चष्मा उडाला. तो दांडकं घेऊन उठला आणि माझ्या खांद्यावर घातलं. खांदा अजून थंडीत दुखतो. मग मी त्याला घेऊन पाण्यातच पडलो. शिंपल्यांनी आमची ढोपरं, कोपरं सगळी सोलून निघाली. मी त्याची मान धरून डोकं पाण्याखाली दाबलं. तो लाथा झाडत होता, आणि मला बरं वाटत होतं. होय, बरं वाटत होतं, त्यात लपवण्यासारखं काही नाही. मग वाटलं, ती बोटीतून उतरेल ती विधवा होऊन. तेव्हा सोडला.

तो खडकावर पडून समुद्र ओकत राहिला. हात कोपरापर्यंत सुजत चालला होता. शिंगाळ्याच्या विषावर उष्णता हाच उपाय. थर्मासमधला चहा मी त्याच्या जखमेवर ओतला. तो लहान मुलासारखा रडू लागला. मला दया आली नाही. त्या रात्रीपासून तो आमच्या घरी झोपला नाही.

बोट लागली त्या दिवशी तो धक्क्यावर माझ्याआधी हजर होता. इस्त्रीचा शर्ट, नवा चष्मा, हात बँडेजमध्ये गळ्यात अडकवलेला. बहीण ट्रंक घेऊन उतरली. ती केवढी वाळली होती! तो हसत पुढे झाला. मी त्याच्या आडवा उभा राहिलो आणि बहिणीला म्हणालो, "माका सगळा कळला. तू आमच्याकडे चल. ह्याच्याकडे जाऊचा नाय."

"तुका कोणी सांगल्यान?"

"ह्यानाच."

तिने माझ्या खांद्यावरून त्याच्याकडे पाहिलं. लोक ट्रंका घेऊन आम्हाला ढकलून जात होते.

"हाताक काय झाला?"

"शिंगाळ्याचो काटो लागलो."

"उजवोच मा?"

मी हो म्हणालो. तिने ट्रंक माझ्या हातात दिली आणि त्याच्याकडे पाठ फिरवून चालू लागली.